गॅसचा नळ व त्याची जोडणी



जुन्या करारांतील अनुवाद ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत, आठव्या वचनांत, घर बांधणाराला एक लहानसा पण फार व्यावहारिक नियम घालून दिला आहे. नवें घर बांधशील तेव्हां धाब्याला कठडा कर. तो न केल्यामुळें कोणी वरून पडला, तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल, असा त्याचा आशय आहे. त्या देशांत धाबें ही निजण्याबसण्याची जागा असे. यास्तव कठडा ही शोभेची वस्तु नसून शेजाऱ्यावरील प्रीतीचा तो एक भाग होता. आमच्या आजच्या घरांत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत व शाळेच्या प्रयोगशाळेंत धाब्याइतकीच नित्याची झालेली वस्तु म्हणजे जळाऊ गॅस होय. ह्या वस्तूचा कठडा कोणता व तो कसा बांधावा, हें ह्या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. हा पाठ वाचून कोणीं स्वतः पाना हातांत घ्यावा असा आमचा हेतु मुळींच नाहीं. गॅसचें नळकाम हें त्याचें शिक्षण घेतलेल्या व अधिकारपत्र मिळालेल्या कारागिरानेंच करावयाचें असतें. परंतु आज ना उद्यां तुम्ही घरमालक, शिक्षक, दवाखान्याचे व्यवस्थापक किंवा एखाद्या संस्थेचे पंच व्हाल, व हें काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा प्रसंग तुमच्यावर येईल. ज्याला काम करून घ्यावयाचें आहे, त्याला तें नीट झालें कीं नाहीं हें विचारतां आलें पाहिजे. तें न विचारल्यामुळें काय घडतें, ह्याचें एक खरें उदाहरण प्रथम पाहूं.

१. न्यू लंडन येथील शाळा

अमेरिकेंतील टेक्सस राज्याच्या पूर्व भागांत न्यू लंडन नांवाचें गांव आहे. सन १९३० मध्यें त्या भागांत खनिज तेलाचा मोठा सांठा सांपडला व तो मुलूख अल्पकाळांत संपन्न झाला. १९३२ सालीं गांवकऱ्यांनीं सुमारे १० लक्ष डॉलर खर्चून पोलाद व काँक्रिट ह्यांची एक भव्य शाळा उभारली. थंडीच्या दिवसांत वर्ग उबदार ठेवण्यासाठीं मूळ आराखड्यांत एक मोठें बाष्पपात्र ठेवून वाफ सर्वत्र खेळविण्याची योजना होती. चालकांनीं ती बाजूस सारली व तिच्याऐवजीं सर्व इमारतींत मिळून गॅसच्या ७२ शेगड्या बसविल्या. एका बर्नरच्या जागीं ७२ बर्नर आले. अर्थात् नळाच्या तितक्याच शाखा, तितकेच कॉक व त्याच्या कित्येक पट सांधे आले.

पुढें १९३७ च्या आरंभीं शाळेच्या चालकांनीं गॅस पुरविणाऱ्या कंपनीशीं केलेला करार मोडला. जवळूनच एका तेलाच्या कारखान्याचा टाकाऊ गॅस वाहून नेणारा नळ जात होता. त्यालाच छेद देऊन शाळेची जोडणी करण्यांत आली. त्यामुळें दरमहा सुमारे ३०० डॉलरांची बचत होत असे. ती रीति त्या भागांत सर्रास चालू होती व कोणाला तींत विशेष वावगें दिसत नसे. परंतु हा गॅस कच्चा होता. त्याचा दर्जा दिवसादिवसाला बदले. शिवाय त्याला रंग नव्हता व वासहि नव्हता.

जोडाच्या ठिकाणीं गळती सुरू झाली. शाळा उतरत्या जमिनीवर बांधलेली असल्यामुळें तिच्या जमिनीखालीं इमारतीच्या पूर्ण लांबीइतकी, म्हणजे २५३ फूट लांब, अशी एक बंदिस्त पोकळी राहिली होती. तींत वारा खेळत नव्हता. गॅस तेथें सांठत गेला. कांहीं काळापासून मुलें डोकें दुखत असल्याची तक्रार करीत होतीं. परंतु तिकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. गुरुवार, ता. १८ मार्च १९३७ रोजीं दुपारीं तीन वाजून गेल्यावर, शाळा सुटावयास थोडाच अवकाश असतां, हस्तव्यवसायाच्या शिक्षकांनीं लांकूड घासण्याचें विजेचें यंत्र सुरू केलें. त्याच्या बटनाशीं ठिणगी पडली असावी असें मानतात. क्षणार्धांत सारी इमारत वर उचलली गेली व कोसळली. सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक प्राणांस मुकले. धाकट्या वर्गांतील मुलें आधींच घरीं गेलीं होतीं, म्हणून ती संख्या त्याहून वाढली नाहीं.

ढिगाऱ्यांत एक फळा सांपडला. खनिज तेल व गॅस हीं ह्या प्रदेशाला मिळालेलीं सर्वांत मोठीं वरदानें असून त्यांच्यावांचून ही शाळा झालीच नसती, अशा अर्थाचा मजकूर त्यावर लिहिलेला होता. तो खोटा नव्हता. देणगी चांगलीच होती. कठडा मात्र नव्हता.

येथें दोष बर्नरचा नव्हता, हें ध्यानांत ठेवा. आपण ज्योतीकडे पाहतों व तिलाच भितों. परंतु धोका ठरतो तो ज्योतीच्या मागें, दृष्टीआड असलेल्या नळांत.

२. गॅसचा स्वभाव

आपल्याकडे जळाऊ गॅस दोन प्रकारांनीं येतो. मुंबई, पुणें इत्यादि शहरांतील पुष्कळ घरांना रस्त्याखालील नळांतून नैसर्गिक गॅस मिळतो. तो मुख्यत्वें मिथेन होय. इतरत्र सिलिंडरमधून येणारा द्रवरूप गॅस वापरतात. तो प्रोपेन व ब्यूटेन ह्यांचें मिश्रण असतो. ह्या दोहोंच्या स्वभावांत एक महत्त्वाचा भेद आहे. मिथेन हवेच्या निम्म्याहून किंचित् जड, म्हणजे हवेहून पुष्कळच हलका आहे. तो वर चढतो व छताशीं सांठतो. सिलिंडरमधील गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड आहे. तो पाण्याप्रमाणें खालीं उतरतो व जमिनीलगत, गटारांत किंवा तळघरांत जाऊन बसतो. यास्तव पहिल्यासाठीं झरोका वर पाहिजे, दुसऱ्यासाठीं जमिनीसरशीं पाहिजे. आणि बंदिस्त पोकळींत मात्र दोन्हीहि सारखेच घातक होत. हें न्यू लंडनच्या हलक्या गॅसनें जमिनीखालीं राहूनच दाखविलें.

गॅस कोणत्याहि प्रमाणांत हवेंत मिसळला तरी पेट घेतो असें नाहीं. मिथेनला त्यासाठीं शेंकडा ५ ते १५ हें प्रमाण लागतें. सिलिंडरच्या गॅसला शेंकडा सुमारे २ ते ९ पुरे होतें. आतां एक हिशेब करूं. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलीचें घनफळ २७ घनमीटर. त्याचे शेंकडा १.८ म्हणजे सुमारे अर्धा घनमीटर. सिलिंडरच्या गॅसचा एक घनमीटर सुमारे सव्वादोन किलोग्रॅम भरतो. तेव्हां एक किलोग्रॅमहून किंचित् अधिक गॅस सर्व खोलींत सारखा पसरला, तरी ती खोली स्फोटास योग्य होते. घरगुती सिलिंडरमध्यें १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. शिवाय तो सारखा पसरत नाहीं, खालीं बसतो. म्हणून ह्याहून कितीतरी कमी गॅस पुरतो.

३. नळाचा व्यास

पुष्कळांचा समज असा कीं, नळ कोणताहि चालेल, गळला नाहीं म्हणजे झालें. हा समज चुकीचा आहे. नळ अरुंद असेल तर बर्नरला गॅस अपुरा पडतो. दुसरी शेगडी पेटवितांच पहिलीची ज्योत बसते. कधीं ती विझते व कॉक उघडाच राहतो. कधीं ज्योत मागें सरकून बर्नरच्या पोटांत जळूं लागते.

नळांतून जाणारा गॅस व्यासाच्या प्रमाणांत वाढत नाहीं. कमी दाबाच्या नळाचा स्थूल नियम असा आहे कीं, दाबांतील घट तीच ठेवली असतां, प्रवाह हा व्यासाच्या पांचव्या घाताच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. आंतील व्यास दुप्पट केला, तर दोनाचा पांचवा घात ३२, व त्याचें वर्गमूळ सुमारे ५.६६. म्हणजे प्रवाह दुपटीनें नव्हे, साडेपांच पटींहूनहि अधिक वाढतो. उलट लांबी दुप्पट केली, तर प्रवाह शेंकडा ७१ वर येतो. प्रत्येक कोपर म्हणजे वळणाचा सांधा हाहि लांबी वाढविल्यासारखाच अडथळा करतो. सबब कारागिराला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : सर्व बर्नर एकाच वेळीं पूर्ण पेटलेले असतां लागणारा गॅस किती, आणि सर्वांत दूरच्या बर्नरपर्यंत नळाची लांबी किती? ह्या दोन आंकड्यांवांचून ठरविलेला व्यास हा केवळ अंदाज होय. नवी शेगडी जोडतांना हाच हिशेब पुन्हां करावा लागतो.

४. नळाचा मार्ग व सांधे

घरांतील गॅससाठीं सामान्यतः जस्ताचा मुलामा दिलेला जाड लोखंडी नळ, ज्यास मिस्त्री लोक जी. आय. म्हणतात, किंवा तांब्याचा नळ वापरतात. रस्त्याखालीं घालतात तो पिवळा प्लास्टिकचा नळ जमिनींत पुरण्यासाठींच असतो. तो घरांत उघड्यावर आणूं नये. पाण्याचे प्लास्टिकचे नळ तर गॅससाठीं केव्हांहि वापरूं नयेत.

मार्गासंबंधीं मुख्य नियम एकच : नळ दिसला पाहिजे. ज्या पोकळींत वारा खेळत नाहीं, म्हणजे खोटें छत, लांकडी जमिनीखालची जागा, बंद कपाट, तींतून तो नेऊं नये. धुराड्यांतून किंवा विजेच्या तारांच्या शेजारून नेऊं नये. भिंतींतून पार करावयाचा असेल, तर त्याहून रुंद अशा दुसऱ्या नळकांड्यांतून तो न्यावा. म्हणजे भिंत खचली तरी नळावर भार येत नाहीं. ठराविक अंतरावर पकडी मारून तो भिंतीला धरून ठेवावा. त्याला पिवळा रंग द्यावा, म्हणजे खिळा ठोकणारा पुढचा मनुष्य सावध होईल.

गळती बहुधा नळाच्या अंगांतून होत नाहीं, सांध्यांतून होते. यास्तव सांधे जितके कमी तितके बरें, व एकहि सांधा भिंतीच्या गिलाव्याखालीं दडलेला नसावा. आटे स्वच्छ पाडलेले असावेत. त्यांवर गॅससाठींच बनविलेली पट्टी किंवा लेप लावावा. जुन्या पाण्याच्या नळावर करीत तसा ताग व रंग लावून काम भागवूं नये. ताग सुकून आकसतो.

एक मुख्य कॉक खोलीच्या बाहेर सहज हात पोंचेल असा, व एक प्रत्येक बर्नरपाशीं असावा. मूठ नळाला समांतर असेल तर कॉक उघडा, आडवी असेल तर बंद, ही ओळख लहान मुलालाहि द्यावी. बर्नर काढून टाकलेली शाखा केवळ कॉक बंद करून सोडूं नये. तिच्या तोंडाला आट्यांचें बूच पक्कें बसवावें. कॉक कोणाचाहि हात लागून उघडतो, बूच उघडत नाहीं.

रबरी नळी ही सर्वांत दुबळी कडी होय. ती पोलादी तारेची जाळी असलेली, दीड मीटरहून आंखूड व मध्यें जोड नसलेली असावी. भिंतींतून नेऊं नये, व साधारण पांच वर्षांनीं, किंवा चीर दिसतांच, बदलावी.

५. नळाची परीक्षा

आतां आम्ही ह्या पाठाच्या मुख्य भागाकडे येतों. नळ बसविला म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्याची परीक्षा झाली म्हणजे तें संपतें. आणि ही परीक्षा गॅसनें नव्हे, हवेनें घ्यावयाची असते.

तुम्हीं प्रयोगशाळेंत यू आकाराची कांचेची नळी पाहिली आहे. तींत अर्ध्यापर्यंत पाणी भरून एक तोंड नळाला जोडलें व नळांत हवा भरली, तर एका बाजूचें पाणी उतरतें व दुसऱ्या बाजूचें चढतें. दोहोंच्या उंचींतील अंतर म्हणजे दाब. सिलिंडरच्या आंत उन्हाळ्यांत हवेच्या दाबाच्या पांच ते आठ पट दाब असतो. परंतु घरगुती रेग्युलेटरमधून बाहेर येणारा गॅस पाण्याचा केवळ ३० सेंटिमीटरांचा स्तंभ तोलून धरूं शकतो. परीक्षेच्या वेळीं सर्व तोंडें बंद करून ह्याहून अधिक दाबाची हवा भरतात, व पाणी तेथेंच स्थिर राहतें कीं नाहीं तें पाहतात. मोठ्या जोडणींत याच कामीं दाबमापक घड्याळ लावतात; तत्त्व तेंच. हवेऐवजीं ऑक्सिजन मात्र कदापि भरूं नये. त्याच्या संगतींत तेलाचा डागहि पेट घेतो.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. बंद नळांतील हवा तापली म्हणजे तिचा दाब वाढतो. सभोंवारच्या वातावरणाचा दाब हा सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, व आपल्याकडील उष्णमान निरपेक्ष मापानें सुमारे ३०० अंश धरतां येतें. १०३३ ला ३०० नें भागा : एका अंशाच्या वाढीनें दाब सुमारे साडेतीन सेंटिमीटर वाढतो. आतां समजा, सकाळीं नळ भरून ठेवला व त्यावर ऊन आलें. तो गळत असूनहि तापल्यामुळें दाब भरून निघेल, आणि पाणी स्थिर दिसेल! म्हणून परीक्षा सावलींत, नळाचें उष्णमान बसल्यावर घ्यावी, व प्रथम थोडा वेळ जाऊं देऊन मगच आंकडा टिपावा. घाईनें घेतलेली परीक्षा न घेतलेल्या परीक्षेहून वाईट. कारण ती खोटा धीर देते.

दाब उतरला तर सांधा सांधा साबणाच्या पाण्यानें ब्रशानें पुसावा. जेथें बुडबुडे फुगतात तेथें गळती. पेटती काडी सांध्याजवळ नेऊन गळती शोधणारा मनुष्य कितीहि अनुभवी म्हणवीत असो, त्याच्या हातीं काम देऊं नये. नळ उत्तीर्ण झाल्यावर त्यांत भरलेली हवा गॅसनें हळूहळू बाहेर घालवितात. तीहि उघड्या मोकळ्या जागीं, आसपास आग किंवा ठिणगी नसतां. तोंपर्यंत बर्नर पेटवूं नये. परीक्षेचा दाब, वेळ व तारीख कागदावर लिहून सही घ्यावी व तो कागद जपून ठेवावा.

६. बर्नर व हवा

बर्नर ज्या गॅससाठीं बनविला असेल त्यालाच तो जोडावा. सारख्या घनफळांत सिलिंडरचा गॅस नैसर्गिक गॅसच्या अडीच ते तीन पट उष्णता देतो. म्हणून त्याच्या बर्नरचें छिद्र बारीक असतें. गॅस बदलला म्हणजे छिद्राचा तुकडाहि कारागिराकडून बदलून घ्यावा. ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत ही हवा अपुरी असल्याची खूण होय. शक्य तेथें ज्योत विझतांच गॅस आपोआप बंद करणारी योजना असलेला बर्नर घ्यावा.

एक घनमीटर मिथेन पूर्ण जळण्यास साडेनऊ घनमीटर हवा लागते. प्रोपेनला सुमारे २४ घनमीटर. ही हवा न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साईड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला वास नाहीं. मनुष्य गुंगीनें बसतो तो उठत नाहीं. यास्तव दारें लावलेल्या न्हाणीघरांत गॅसवर पाणी तापविणें हें अत्यंत धोक्याचें आहे. असा बंब बाहेर, वाऱ्याच्या जागीं असावा.

७. वास आला असतां

न्यू लंडनच्या अनर्थानंतर टेक्ससमध्यें थोड्याच काळांत असा कायदा झाला कीं, विकल्या जाणाऱ्या गॅसमध्यें उग्र वासाचें द्रव्य मिसळलेंच पाहिजे. आज आपल्या सिलिंडरच्या गॅसमध्यें असतें तें अशाच जातीचें गंधकयुक्त द्रव्य होय. प्रमाण असें ठेवतात कीं, पेट घेण्यास लागणाऱ्या गॅसच्या पांचव्या हिश्शालाच नाकानें तो ओळखावा. त्या वासाला आम्ही नाक मुरडतों. परंतु तो त्या मुलांचा आपल्यासाठीं ठेवलेला निरोप आहे असें समजावें.

तो आल्यास विजेचें कोणतेंहि बटन लावूं नये किंवा बंदहि करूं नये. दारेंखिडक्या उघडाव्या, गॅस मुख्य कॉकपाशीं बंद करावा, सर्वांस बाहेर काढावें, व बाहेर गेल्यावर दूरध्वनि करावा. सिलिंडरच्या गॅसच्या गळतीसाठीं १९०६ हा क्रमांक आहे. नाक लवकर थकतें, म्हणून वास जाणवेनासा झाला म्हणजे गॅस गेला असें मानूं नये.

उपसंहार

न्यू लंडनच्या चालकांपैकीं कोणीहि दुष्ट नव्हता. त्यांचींच मुलेंबाळें त्या शाळेंत शिकत होतीं. त्यांनीं एवढेंच केलें कीं, सर्वजण करतात तें केलें, पैसा वांचविला, आणि डोकें दुखतें म्हणून सांगणाऱ्या मुलांना कारण विचारलें नाहीं. आम्ही शिक्षक आहों; म्हणून ही शेवटची गोष्ट आमच्या मनाला सर्वांत अधिक लागते. मुलें तक्रार करतात ती पुष्कळदां पाठ चुकविण्यासाठीं असते, हें खरें. परंतु एखादे वेळीं तीच अवघ्या घराची एकमेव घंटा असते. पुढें तुमच्या हातीं नळाची, घराची किंवा माणसांची व्यवस्था येईल, तेव्हां दिसणाऱ्या ज्योतीबरोबर न दिसणाऱ्या सांध्याचीहि विचारपूस करा. धाब्याचा कठडा तो हाच.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. सिलिंडरचा गॅस व नैसर्गिक गॅस ह्यांसाठीं झरोके निरनिराळ्या उंचीवर कां ठेवावे?

२. नळाचा आंतील व्यास तिप्पट केला, तर प्रवाह सुमारे किती पट होईल?

३. परीक्षेच्या वेळीं नळाचें उष्णमान दोन अंशांनीं उतरलें. गळती नसूनहि पाण्याच्या उंचींत अंदाजें किती फरक दिसेल?

४. आपल्या घरांतील मुख्य कॉक, रबरी नळीवरील तारीख व झरोका हीं तीन पाहून या, व जें आढळेल तें घरांतील वडील माणसांस सांगा.